आमची वाटचाल : चाकाचा च आणि चिमणीचा च

ध्वनिपेटी म्हणजे काय, हे बालशिक्षणाची साधने बनवणाऱ्यांना समजावण्याची गरज नाही. कप्पे, कप्प्यांत छोट्या वस्तू, त्यांच्या नावातला पहिला ध्वनी आणि मूल तो ध्वनी कानाने पकडू लागले की मगच अक्षर, असा तिचा क्रम सर्वांना माहीत आहे. मात्र बाजारात आज सर्वाधिक दिसणाऱ्या ध्वनिपेटीचा मूळ नमुना आमच्या कारखान्यातला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. मी बालवाडीत शिकवत होतो आणि मिस्त्री दारे-खिडक्यांची कामे करत. भांडवल म्हणजे एक जिगसॉ, दोन कानशी, एक रंधा आणि मिस्त्रींचा हात. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, आणि त्यांच्या पद्धतीतली बोटांनी गिरवायची खरखरीत अक्षरे पुढे जगभर गेली. आम्हीही तिथूनच आरंभ केला. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मुलांची बोटे हुळहुळत, तर ३२० नंबरचा बोटाला जाणवतच नसे. बऱ्याच खटपटीनंतर १५० नंबर ठरला. शिरोरेषाही खरखरीत केली की मूल तिथूनच गिरवू लागते आणि अक्षराचे वळण मागे राहते, हे मिस्त्रींच्या लक्षात आले, म्हणून शिरोरेषा आम्ही केवळ रंगाने काढली. प्रत्येक वस्तू ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत टाकून पाहत असू. जी पूर्ण आत जाईल ती बाद, कारण तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकेल अशी वस्तू आम्हाला पेटीत नको होती.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक एका लहान बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी पहिली पेटी नेली आणि आठवड्यात परत आणली. च च्या कप्प्यात आम्ही चाक, चमचा, चिमणी आणि चष्मा ठेवले होते. त्यांच्या वर्गातल्या चार वर्षांच्या एका मुलीने त्या चार वस्तूंचे दोन ढीग केले होते, चाक-चमचा एकीकडे आणि चिमणी-चष्मा दुसरीकडे, आणि कितीही सांगितले तरी ती ते एकत्र करायला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, “तिचं काही चुकलेलं नाही. चुकली आहे ती तुमची पेटी.” मी त्या चारही वस्तूंची नावे मोठ्याने उच्चारली आणि ओशाळलो. लिहिताना च एकच आहे, पण मराठी कानाला ते दोन ध्वनी आहेत, आणि जिने अजून अक्षर पाहिलेलेच नाही ती मुलगी ते एक कशाला मानेल? त्या दिवसापासून आमच्या पेटीत च ला दोन कप्पे आहेत, ज ला दोन आहेत (जाळे एकात, जहाज दुसऱ्यात), आणि दोन्ही कप्प्यांसाठी अक्षर मात्र एकच. ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून बाण आणि फळ यांच्या कप्प्यांना आम्ही निळे झाकण लावले. निळे झाकण म्हणजे शेवटचा ध्वनी ऐकायचा.

दुर्दैवाने तोवर जुनी, एकाच कप्प्याची एक पेटी बाहेर गेलेली होती. अनेक शाळा चालवणाऱ्या एका संस्थेने ती ‘अवलोकनार्थ’ ठेवून घेतली होती. चारशे पेट्या घेऊ, असे तोंडी आश्वासन मिळाले आणि मी, आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा करून, तेवढ्या लाकडाची खरेदी उधारीवर केली. दोन महिन्यांनी कळले की काम दुसऱ्या एका उत्पादकाला कमी दरात गेले आहे. त्यांची पेटी मी हातात घेऊन पाहिली. कप्प्यांची मापे आमची, वस्तू आमच्या, आणि च च्या कप्प्यात चाक, चमचा, चिमणी, चष्मा एकत्र! आमची चूकसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उचलली होती. बाण तर पहिल्या ध्वनीच्या खेळातच बसवला होता. मूल ‘ब’ म्हणाले की शिक्षिकेने ‘नाही, ण’ म्हणायचे. तक्रार कोणाकडे करणार? कागदावर काहीच नव्हते. नमुना देताना पोचपावतीवर सही घ्या, तीही तारखेसह, हे मी भेटेल त्या प्रत्येक नव्या व्यावसायिकाला न विचारता सांगतो.

जिगसॉ विकायची वेळ आली होती. मिस्त्रींनी पाच महिने मजुरी मागितली नाही. अशा वेळी बाईंनीच मार्ग काढला. पूर्ण पेटी घ्यायला लहान बालवाड्यांना परवडत नाही, तेव्हा तीन-तीन ध्वनींच्या थैल्या करा, असे त्यांनी सुचवले. एका वेळी तीन ध्वनींच्या पुढे त्यांच्या वर्गात तसेही कोणी जात नसे. म, स आणि क यांची पहिली थैली त्यांनीच घेतली आणि पुढे आणखी अकरा जणींना घ्यायला लावली. रचून ठेवलेले लाकूड अशा रीतीने थैल्यांत गेले आणि उधारी फिटली. त्यानंतरच्या वर्षांत काम वाढले, जागा बदलली, इतकेच.

थैलीसोबत आम्ही सूचनांचा एक कागद देतो आणि तो कोणी वाचत नाही, म्हणून येथे लिहितो. ‘म’ म्हणताना ओठ मिटून नाद लांबवा, मुलाला तो नाकात जाणवू द्या. ‘क’ लांबवता येत नाही, तो तुटकच म्हणा. प आणि फ यांतला फरक तोंडाने समजावत बसू नका, ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, ‘फ’ ला ती जास्त हलते. क आणि ग साठी गळ्यावर हात ठेवायला सांगा, ‘ग’ ला तिथे थरथर जाणवते. आधी ‘हा म’, मग ‘म कुठे आहे?’, आणि सर्वांत शेवटी ‘हा कोणता?’ ही तिसरी पायरी पहिल्याच दिवशी गाठणाऱ्या पालकांना थैली विकू नये, असे मिस्त्रींचे मत आहे; मी अजून विकतो.

मागच्या महिन्यात एक तुटकी पेटी दुरुस्तीला आली. आमची नव्हती, त्यांची होती. बिजागरी बदलायची होती. संध्याकाळी पाहिले तर मिस्त्रींनी च च्या कप्प्यात मधोमध एक पातळ पट्टी बसवली होती, चाक-चमचा डावीकडे आणि चिमणी-चष्मा उजवीकडे. बिल आम्ही बिजागरीचेच लावले.