अनाना

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी 'नाना' म्हणतंय.

डिसेंबर होता. उत्तर कॅनडातल्या इकालुइतमध्ये त्या दिवसांत सूर्य जेमतेम चार तास असतो, त्यामुळे दुपारी दोनलाच रस्त्यावरचे दिवे लागले होते. ऑफिसच्या दारात बर्फाने भरलेल्या बुटांची रांग होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई खाली बसून आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या जाड कोटाची चेन लावत होती. मुलगा हट्टाला पेटलेला. मान फिरवतोय, टोपी काढून फेकतोय. बाहेर उणे तीस. ती मात्र आवाज न चढवता, जरा अजिजीनेच, पुन्हा पुन्हा त्याला म्हणत होती, "अनाना, अनाना."

दुसऱ्या दिवशी मी तिला शब्दाचा अर्थ विचारला. "अनाना म्हणजे आई," ती म्हणाली. मला वाटलं, मुलगा तिला हाक मारत असेल, माझ्या ऐकण्यात गफलत झाली असेल. "नाही, मीच त्याला म्हणते. त्याला माझ्या आईचं नाव आहे, म्हणून तो माझी आई."

मी तिथे दोन वर्षं पगारपत्रकांचं काम करायला गेले होते. ऑटावाहून विमानाने तीन तास. इकालुइत ही नुनावुतची राजधानी. नुनावुत हा कॅनडाचा स्वतंत्र प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी झाला आणि तिथले बहुसंख्य लोक इनुइत, म्हणजे त्या भागातले मूळ रहिवासी आहेत. दक्षिणेकडून गावात येणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटलं की जहाज येतं, एरवी सगळं विमानाने. जमीन बारमाही गोठलेली असल्यामुळे घरं खांबांवर उभी, आणि पुष्कळ घरांत पाणी टँकरने येतं. हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडलं. त्या 'अनाना'ने मात्र मला थेट आमच्या माजघरात नेऊन उभं केलं.

माझे आजोबा गेले आणि आठ महिन्यांनी माझा भाऊ झाला. बारशाला आत्याने त्याच्या कानात आजोबांचंच नाव सांगितलं. पण ते नाव कानातच राहिलं. नवऱ्याचं नाव घेऊन "अरे, ये जेवायला" असं आजी कसं म्हणणार? आजोबांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून भाऊही नाना झाला. एवढं पुष्कळ घरांत होतं. आजी त्याच्याही पुढे जायची. तीन वर्षांच्या नानाने दुधाचा पेला लवंडला की म्हणायची, "सांडलं का हो नाना? असू द्या, असू द्या." तेच दूध माझ्या हातून सांडलं की पाठीत धपाटा ठरलेला. आजोबांना भाकरीची करपलेली कड आवडायची, ती आजी न विचारता भावाच्या ताटात टाकायची. त्याला आवडते की नाही, हे कुणी पाहिलंच नाही. पुढे त्याला ती आवडायला लागली, हेही खरं.

हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "मग तुझ्या आजीला ठाऊक होतं," एवढंच म्हणाली.

इनुइत भाषेत, म्हणजे इनुक्तितुतमध्ये, नावाला 'अतिक' म्हणतात. अतिक हे नुसतं लेबल नव्हे. माणूस गेला तरी त्याचं नाव जात नाही, ते पुढच्या बाळात येऊन राहतं, आणि नावाबरोबर त्याची नातीही येतात. मुलीला आजोबांचं नाव मिळालं तर तिची आई तिला 'बाबा' म्हणते, आणि मोठी होताना ती शिकारीला निघाली तर कुणाला नवल वाटत नाही. नावांना लिंग नसतंच. बायको गमावलेल्या म्हाताऱ्याला एखादं तान्हं बाळ बायकोच्या नात्याने भेटतं, तो तिला तशीच हाक मारतो, तिला छोट्या भेटी देतो. ज्या दोघांचं नाव एक, ते एकमेकांचे 'सौनिक'. मूळ शब्द हाडाचा. रक्ताचं नातं नसलं तरी हाड एक. कळा लांबल्या की जाणत्या बाया एकेक नाव उच्चारत, आणि बरोबर नाव आलं की बाळ बाहेर येई, असं जुनी माणसं सांगतात. म्हणूनच लहान मुलावर खेकसत नाहीत. त्या कोटाच्या आत एक म्हातारी बसलेली असते, तिच्यावर हात कसा उगारायचा?

शेजारणीच्या घरी एका रविवारी जेवायला गेले होते. जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर 'आर्क्टिक चार' जातीचा गोठलेला मासा ठेवलेला, आणि ती उलूने त्याचे पातळ काप करत होती. उलू म्हणजे बायकांची सुरी. पातं अर्धचंद्राकृती, मूठ मधोमध. मनगट डोलवत कापायचं. मला तिने पहिला काप दिला आणि दुसरा मुलाला, "अनाना" म्हणून. तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. नुनावुतमधल्याच इग्लूलिक गावाकडे ही गोष्ट प्रसिद्ध आहे, घरागणिक थोडी बदलते.

एक जीव होता. माणसाचा देह सुटल्यावर तो कुत्र्यात शिरला. कुत्र्याला मार फार, म्हणून लांडग्यात गेला. पण लांडग्यांच्या वेगाने त्याला पळता येईना. तो मागे पडे, उपाशी राही. शेवटी एका लांडग्याने त्याला पाय कसे टाकायचे ते शिकवलं. मग तो कॅरिबू हरीण झाला, मग वॉलरस. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून शिकणं: काय खायचं, कसं बुडी मारायचं, कशाला भ्यायचं. शेवटी तो सील झाला आणि बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी वर आला, तर वर भाला घेऊन त्याचा स्वतःचा भाऊ उभा. त्याने भाल्याला स्वतःला लागू दिलं. भावाने सील घरी नेला. तो जीव भावाच्या बायकोच्या पोटात शिरला आणि मूल होऊन पुन्हा त्याच घरात जन्मला.

मुलाने ही गोष्ट शंभरदा ऐकलेली असावी. लांडग्याच्या जागी तो उठला आणि लांडगा कसा पळतो ते खोलीभर धावून दाखवलं.

अशा लोकांना सरकारने १९४१ पासून नंबर दिले. आडनावं नाहीत, एकाच नावाची चार माणसं, आणि उच्चार अधिकाऱ्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून नाण्याएवढी गोल चकती: एका बाजूला मुकुटाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला अक्षर आणि आकडा. पूर्वेकडच्यांना ई, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू. चकती गळ्यात घालायची, हरवायची नाही. पुढे १९६८ पासून एब ओकपिक हे स्वतः इनुइत असलेले गृहस्थ गावोगाव फिरून प्रत्येक कुटुंबाला आडनाव विचारत गेले. १९७१ पर्यंत ते काम चाललं. चकत्या गेल्या हे चांगलंच झालं. पण ज्यांच्याकडे आडनाव ही गोष्टच नव्हती त्यांनी बरेचदा वडिलांचं नाव सांगितलं, आणि लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं.

त्याचा प्रत्यय मला पगारपत्रकात आला. सख्खे भाऊ-बहीण, आडनाव एकच, पण स्पेलिंग दोन. टायपिंगची चूक समजून मी एक दुरुस्त करायला घेतलं. शेजारणीने माझा हात धरला. "राहू दे. दोन्ही एकाच माणसाचं नाव आहे." मी तशी पुष्कळ नावं रोज टंकत होते आणि ती फक्त रकाने भरण्यापुरती पाहत होते, याची मला त्या क्षणी फार खंत वाटली. त्यानंतर मी प्रत्येकाला त्याचं नाव कसं उच्चारायचं ते विचारायला लागले. कुणाकडून आलं तेही, ते आपणहून सांगतील तर.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, माझ्या भावाचं नाव तुमच्या लिपीत लिहून दे. त्यांची लिपी आपल्याला परकी वाटत नाही, कारण ती बाराखडीच आहे. फरक इतकाच की काना-मात्रा न लावता अक्षरच फिरवायचं. टोक वर असलेला कोन 'पि', उजवीकडे वळवला की 'पु', डावीकडे वळवला की 'पा'. ही पद्धत जेम्स एव्हन्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास कॅनडातल्याच क्री लोकांच्या भाषेसाठी बसवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर देवनागरीही होती असं मानतात. तिथून ती इनुइतांकडे आली.

तिने पिवळ्या चिकटचिठ्ठीवर 'ना' काढला, टोकाला गाठ असलेली छोटी रेघ. त्यावर लांब स्वराचा टिंब दिला आणि शेजारी बिनटिंबाचं तेच अक्षर पुन्हा. "नाना," ती वाचून म्हणाली. मग थोडं थांबून तिने त्यांच्या आधीच्या मोकळ्या जागेत डावीकडे टोक केलेला एक त्रिकोण, म्हणजे 'अ', काढला, मुलाला जवळ ओढलं आणि त्याचं बोट त्या तीन अक्षरांवरून फिरवलं.