हर्णे बंदराचे फोटो काढायला जाताय? आधी तिथी बघा

दापोलीला जाणारे बहुतेक लोक मुरुड-कर्द्याला राहतात, कड्यावरच्या गणपतीला जातात आणि येताजाता हर्णे बंदरावर अर्धा तास थांबून पापलेट घेऊन परत फिरतात. आम्ही दोघं मित्र उलटं करून आलो, म्हणजे मुक्काम हर्णेतच आणि बाकीचं सगळं वेळ उरला तर. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला हेच सांगेन, बंदराला अर्धा तास देऊन काही हाती लागत नाही, निदान दोन संध्याकाळी आणि मधली एक सकाळ तरी द्या.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. सगळे वीकेंड बघून बुकिंग करतात, आम्ही कालनिर्णय बघून केलं, माघातली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा दिवस. कारण हर्णेचा मोठा लिलाव संध्याकाळी असतो, चारच्या सुमारास हालचाल सुरू होते आणि अंधार पडेपर्यंत चालतो, आणि तो भरतो थेट किनाऱ्यावर, वाळूत. म्हणजे त्या वेळी पाणी कुठे आहे यावर तुमचा अख्खा फोटो ठरतो. किनारपट्टीवरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. (पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल मिळतं.) म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सूर्यास्ताच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, त्यात उधाणाचे दिवस असल्यामुळे नेहमीपेक्षाही लांब. मग समोर भलंमोठं ओलं पुळण उघडं पडतं, त्यात आकाश, माणसं, बैलगाड्या सगळ्यांची प्रतिबिंबं पडतात. अष्टमीला गेलात तर हाच बाजार वरच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबलेला दिसेल, फ्रेममध्ये टेम्पो, क्रेट आणि माणसांच्या पाठी. तेही वाईट नाही, गर्दीचेच फोटो हवे असतील तर मुद्दाम अष्टमीला जा. पण मला मोकळी जागा हवी होती.

बैलगाड्यांबद्दल सांगतो, कारण हर्णेला जाण्याचं निम्मं कारण माझ्यासाठी तेच. मोठ्या होड्या किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभ्या असतात, त्यातला माल लहान होडीत उतरतो, आणि पुढे उथळ पाण्यात बैलगाडी घालून टपच्या टप माल वाळूवर आणतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, गाडीवान कासऱ्याला हात लावून लाटेकडे बघतोय, मागे रंगीत होड्या आणि त्यांच्या मागे समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट, हे सगळं एका फ्रेममध्ये येतं. सत्तर-दोनशे एमएमची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स असेल तर हीच जागा तिच्यासाठी, बाकी सगळीकडे मी पस्तीस एमएमचीच वापरली. गाडी पाण्यातून बाहेर येत असताना समोर उभं राहू नका, बैलाला ओली वाळू लागली की तो जोर लावतो आणि गाडीवानाला तुमच्यासाठी थांबता येत नाही. बाजूला, थोडं पुढे, चाकाच्या ओळीपासून चार-पाच हात लांब.

लिलाव बघायला मजा येते पण सुरुवातीला काही कळत नाही. वाळूवर माशांचे वाटे मांडलेले असतात, भोवती गोल, मधे बोली बोलणारा, आणि तो इतक्या भरभर बोलतो की सौदा ठरला कधी हे शेजारच्याला विचारावं लागतं. पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी यांच्याभोवती व्यापारी, बांगडा-मांदेलीभोवती टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका. फोटोच्या दृष्टीने मासे नव्हे, चेहरे बघा. बोली चढताना घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, तो मुद्दाम दिसू देत नाही, पण हात बघा, हात बोलतात. समुद्राकडे पाठ करून उभे राहा म्हणजे मावळतीचा उजेड थेट समोरच्या चेहऱ्यांवर येतो. सगळे नवखे समुद्राकडे तोंड करून उभे असतात आणि काळ्या आकृत्या घेऊन घरी जातात. एखाददुसरी ठीक आहे, पण शंभर काळ्या आकृत्यांचं करायचं काय?

परवानगीचं म्हणाल तर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी काहीतरी विकत घ्या. हा माझा ठाम सल्ला. आम्ही पोचल्या पोचल्या एका मावशींकडून बांगड्याचा एक वाटा घेतला, साफ करायला दुसऱ्या मावशींकडे दिला (साफ करायचे वेगळे पैसे), तोपर्यंत चार गप्पा झाल्या, कुठून आलात, लग्न झालंय का, पुण्यात बांगडा केवढ्याला. मग "मावशी, फोटो काढू का" विचारलं तर म्हणाल्या, "माझा काय काढतोस, हिचा काढ, ही नटून आली आहे," आणि शेजारची लाजून पदर तोंडाशी. तो फोटो या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता. नाही म्हणणाऱ्याही असतात, विशेषतः तरुण मुली, तिथे हसून कॅमेरा खाली घ्यायचा, लांबून झूम लावून चोरून काढायचा नाही, बंदर लहान आहे आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. लिलावाच्या गोलात आत घुसायचं नाही. वाळूत पसरलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही, टोपली ओलांडायची नाही. लोकांचा धंदा चाललाय, आपण पाहुणे.

सकाळी बंदर वेगळंच असतं. सकाळीही माल येतो, पण आम्ही सकाळ पाजपंढरीला दिली. हर्णेला लागूनच, आंजर्ल्याच्या दिशेला ही मच्छीमारांची वस्ती. जाळी विणणं, जुन्या जाळ्याची भोकं सांधणं, वलांडीवर (वाळवणाच्या आडव्या दोरीवर) वाळत घातलेले बोंबील, होडीला रंग, इंजिनाची खुडबूड, सगळं दारातच चाललेलं. इथे घाई नाही, म्हणून इथले फोटो संध्याकाळच्यापेक्षा चांगले आले असं माझ्या मित्राचं मत आहे, मला पटत नाही पण त्याचे फोटो बघून वाद घालता येत नाही. लोकांच्या अंगणात जाताय हे लक्षात ठेवा, आधी हाक मारा. पुढे आंजर्ल्याच्या खाडीत होड्या दाटीने उभ्या दिसतील, हर्णेचं बंदर उघडं पडतं, त्यामुळे वारं फिरलं की आसऱ्याला खाडीच लागते. जून २०२० च्या निसर्ग वादळाबद्दल इथे कुणाहीपाशी विषय काढा, तासभर ऐकायला मिळेल.

वरून दृश्य हवं असेल तर कनकदुर्ग. किनाऱ्यावरचं छोटं टेकाड, त्यावर दीपगृह, खाली एका बाजूला अख्खं बंदर आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. शेजारीच फत्तेगड आणि गोवा किल्ला, या गोवा किल्ल्याचा तट रस्त्यावरूनच दिसतो. सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात हा आहे, त्यामुळे गर्दी वाढणार हे नक्की. बंदरातून होडी करून जाता येतं, उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारायची तयारी ठेवा, कॅमेरा ड्रायबॅगमध्ये. सूर्यास्ताचं एक सांगतो, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो त्यामुळे बंदरातून किल्ल्यामागे सूर्य मिळत नाही, तो डावीकडे समुद्रात जातो. किल्ल्याच्या जवळपास उतरणारा सूर्य हवा असेल तर मे महिना. उकाडा सोसायची तयारी असेल तरच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा लिलावासाठी जाऊ नका. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, त्याचे फोटो होतील, पण एवढंच. नारळी पौर्णिमेला नटलेल्या होड्या आणि नारळ वाहायची गडबड मिळते, पाऊस मात्र गृहीत धरा.

आता सामानाचं. ट्रायपॉड नेऊ नका, वाळूत पाय रुततात, लोक अडखळतात, आणि होड्या पाण्यावर सतत हलत असल्यामुळे अंधारात लांब एक्स्पोजर दिलंत तर किल्ला शार्प आणि होड्या सगळ्या पुसट. त्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० ला नेऊन हातातच धरा, बाजारात बल्ब लागल्यावर मासे चकाकतात आणि फोटोतला दाणेदारपणा चालून जातो. लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही. खारं वारं काचेवर बसतं, दर थोड्या वेळाने पुसा, आधी फुंकणीने वाळू उडवून मग कापड. रात्री रूमवर ओलसर फडक्याने बॉडी पुसून घ्या. पायात रबरी चप्पल किंवा गमबूट, चांगले बूट घातलेत तर ते कायमचे हर्णेचे. ड्रोन नेणार असाल तर आधी नियम आणि परवानगी बघा, किनारपट्टीवर सुरक्षेचा विषय गंभीर आहे, आणि पोलिसांनी विचारलं तर ओळखपत्र जवळ असू द्या.

पोचायचं म्हणजे कोकण रेल्वेने खेड, तिथून दापोली एसटी किंवा वडापने, दापोलीहून हर्णे १५-१६ किमी, एसटी आहेत पण संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारूनच निघा, कारण लिलाव रंगात येतो नेमका तेव्हाच ती सुटते. गाडी असेल तर पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-मंडणगड बरं पडतं. बंदरावर थेट गाडी घालू नका, टेम्पोंच्या रांगेत अडकलात तर मालाच्या गाड्या निघेपर्यंत हलता येत नाही, वर गावात लावा आणि चालत उतरा. जेवणाचं सोपं, घेतलेला मासा घरगुती खाणावळीत दिला की करून देतात, पण साताच्या आत नेऊन द्या आणि तिखट किती हे आधी सांगा. मासे घरी न्यायचे असतील तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ बंदरावरच मिळतो, डबा डिकीत कॅमेऱ्याच्या बॅगेपासून लांब ठेवा.