अंगठ्याखालची तारीख

"काका, पास काल संपलाय. तिकीट द्या."

सकाळची कोरेगाव–सातारा एसटी, पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर पासाकडे ओझरतं बघून पुढे सरकलेसुद्धा होते, तेव्हा या पोराने त्यांना मागे बोलावलं. अकरावी-बारावीतला असेल.

"अरे, मी बघितलं नव्हतं," कंडक्टर हसत म्हणाले.

"मी बघितलं होतं ना."

मागून मित्र ओरडले, "आला हरिश्चंद्र!" पोरगा कानापर्यंत लाल. पण फुल तिकीट काढलं. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे दहा दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास. त्यामुळे एका दिवसाचं फुल तिकीट खिशाला किती लागतं, ते पासवाल्यालाच कळतं.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. कॉलेजात असताना संपलेल्या पासावर चार दिवस फिरलोय मी. तारखेवर अंगठा ठेवून. आमच्या वेळी छडी होती, धाक होता, सगळं होतं. अंगठासुद्धा होता.

आणि आज सकाळीच 'हल्लीच्या मुलांना शिस्त कशी ती नाही' हा मेसेज मी ग्रुपवर पुढे ढकलला होता.

गंमत पुढेच. जागा मिळाल्याबरोबर या हरिश्चंद्राने मोबाइल काढला आणि मोठ्या आवाजात रील्स सुरू! शेजारच्या आजी वैतागल्या. "बाळा, कानात घाल की ते." लगेच बंद केलं, "सॉरी आजी" म्हणाला.

आता याला शिस्तीचा म्हणू की बेशिस्त? आणि ठरवायचं कोणी, मी?