कँटिलिव्हरची वारंवारता वाढली तेव्हा

नॅनो तुळईला, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाच्या सूक्ष्म दांडीला, अचानक उष्णता दिली की ती वाकते आणि थरथरूही लागते. ही थरथर समीकरणांत पकडणं हा माझ्या विद्यार्थिनीचा पीएचडीचा विषय. तुळई वरच्या अंगाला अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड), खालच्या अंगाला अॅल्युमिनियम, मधे प्रमाण हळूहळू बदलत जाणारं. एका अंशाला अॅल्युमिनियम मीटरमागे सुमारे 23 मायक्रोमीटर वाढतं, अॅल्युमिना जेमतेम सात-आठ. म्हणजे सगळीकडून सारखी तापवली तरी ती वाकणारच. साध्या तुळईच्या उष्णताजन्य कंपनांचं गणित ब्रूनो बोली यांनी 1956 मध्ये मांडलं. नॅनो मापावर त्यात एरिंजेन यांचा नॉनलोकल सिद्धांत घालावा लागतो, कारण तिथे एका बिंदूवरचा ताण (स्ट्रेस) आसपासच्या विकृतीवरही (स्ट्रेन, म्हणजे आकारातल्या बदलावरही) अवलंबून असतो.

मे महिन्यातली दुपार. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात विभागात आम्ही दोघीच. ती सिन्नरहून आली ती थेट लॅपटॉप उघडूनच.

"मॅडम, कोडमध्ये काहीतरी घोळ आहे."

दोन्ही टोकं टेकवलेल्या तुळईचे आलेख अपेक्षेप्रमाणेच होते. आसपासचा हा प्रभाव किती दूरवर पोचतो ते सांगणारी, आम्ही बोलताना जिला ई-नॉट-ए म्हणतो ती लांबी तुळईच्या पाचव्या हिश्शाइतकी धरली, की कंपनाची पहिली (सर्वांत कमी) वारंवारता सुमारे 15 टक्के उतरते. पण एक टोक मोकळं सोडलं, कँटिलिव्हर केली, की पहिली वारंवारता उलट वाढत होती. तुळई मऊ व्हायची सोडून ताठ झाली!

"अगं, कोड राहू दे. फळ्यावर ये."

उष्णता बाजूला ठेवली, मोकळ्या टोकावर फक्त एक स्थिर भार घेतला. बेंडिंग मोमेंट, म्हणजे तुळई वाकवणारा परिणाम, लांबीवर सरळ रेषेत बदलतो, त्याचा दुसरा अवकलज शून्य. समीकरणात ई-नॉट-ए त्याच अवकलजाला चिकटलेला, तो गळूनच पडला. नॅनोची तुळई आणि पुलाची तुळई, उत्तर एकच. ती खडू हातात धरून कितीतरी वेळ त्या शून्याकडे बघत राहिली. मला तिचा फार अभिमान वाटला. आलेख बरा दिसावा म्हणून तिने काहीही झाकलं नव्हतं.

हा विरोधाभास जाणकारांना माहीत आहे. मूळ सिद्धांत संकलनाचा, म्हणजे सगळ्या बिंदूंचा परिणाम एकत्र करणारा; सोयीसाठी त्याचं अवकल समीकरण केलं, की मोमेंटवर टोकांपाशी जास्तीच्या अटी येतात, आणि त्या आपण सहसा लिहीतच नाही. रोमानो, बारेट्टा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हे नेमकं दाखवलं.

तिने कँटिलिव्हरचं प्रकरण वेगळं काढलंय. तिथे आता विकृतीऐवजी ताणाचं संकलन घेणारं प्रारूप आहे आणि उष्णतेचा मोमेंट त्यात नव्याने बसवायचा आहे. ते काम चालू आहे.