नो लोडवर सगळ्याच मोटरी छान चालतात : आमची वाटचाल

मावशी तू आपली वाटचाल लिहूनच काढ, म्हणून भाचा दोन वर्षं मागे लागलाय. त्याने मला नमुना पण आणून दिला, त्यात पहिलं हेडिंग आमचं स्वप्न, दुसरं आमचं ध्येय, तिसरं आमची मूल्यं. मी तीन दिवस पहिल्याच हेडिंगखाली काय लिहू म्हणून बसले आणि मग नमुना बाजूला ठेवला, कारण स्वप्न वगैरे काही नव्हतंच. जळलेल्या मोटरी रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून द्यायचं वर्कशॉप काढायचं स्वप्न कुणाला पडतं? मला तर मुळीच नव्हतं पडलं. मी इथे हिशेब लिहायला आले होते, 1997 साली, आणि सहा महिने काढू, दुसरीकडे चांगलं काही मिळालं की जाऊ असा विचार होता.

माझं टेबल वर्कशॉपच्या आतच होतं. ऑफिस म्हणून वेगळी खोली नाही, एक लाकडी पार्टिशन, तेही छातीपर्यंतच. पलीकडे टेस्टिंगचा बाक आणि तिथे मेस्त्री काका. काकांकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता, स्क्रू फिरवायला तो कधी वापरलेला मी पाहिला नाही. मोटर चालू करायची, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणणार, "मागची गेलीय." खोलून बघावं तर मागचीच बेअरिंग गेलेली. एकदा विचारलं काका हे कळतं कसं, तर म्हणाले "आवाजात खडे आहेत ना." आता खडे म्हणजे काय ते मला आज सांगता येईल पण तेव्हा मला वाटलं हा माणूस उगाच गूढ बोलतोय.

मी काही शिकायला बसले नव्हते, मी खतावणी लिहित होते, पण कान कुठे बंद ठेवणार. आठ-नऊ तास रोज तेच. मोटरला विजेच्या तीन फेज येतात, त्यातली एक गेली की मोटर कशी घोगरा हुंकार देते, चालू मोटरीची फेज गेली तर ती फिरत राहते पण कण्हत फिरते, आणि बंद मोटर एका फेजशिवाय चालू करायला गेलात तर नुसती गुरगुरते, हलतच नाही. बेल्ट ढिला असला की वेगळी, पंखा कव्हरला घासला की वेगळी. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एकदा मी बेरीज करत होते आणि मान वर न करताच ओरडले, "काका बंद करा ती!" त्यांनी बंद केली. टर्मिनलला एक वायर सुटली होती. काका माझ्याकडे बघत राहिले आणि खरं सांगते, मलाच कळलं नाही मी का ओरडले. बेरीज मात्र चुकली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की लोक मला विचारतात, ताई तुम्ही एवढी मोठी उडी कशी मारली, आतून आवाज आला का? 2006 मध्ये मालकांनी वर्कशॉप बंद करायचं ठरवलं. वय झालं होतं, मुलांना रस नव्हता. मशीनं भंगारात जाणार होती, आणि वर्कशॉप मी चालवायला घ्यावं का असा प्रश्न समोर आला. घरात सगळ्यांचं म्हणणं नको, बँकेत ओळखीच्या साहेबांनी कागद बघून तोंड वाकडं केलं, आणि कागद खरंच वाईट दिसत होते हो, मीच लिहिले होते ना ते! येणं थकलेलं, जागा भाड्याची, कारागीर तीन. पण मला रात्री झोप लागत होती. हे विचित्र आहे, एरवी गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठणारी मी, आणि त्या पंधरा दिवसांत शांत झोपत होते. तिथेच ठरलं.

आता याला कुणी अंतःप्रेरणा म्हणा, कुणी नशीब म्हणा. मला स्वतःला वाटतं की नऊ वर्षं ज्या नोंदी मी केल्या होत्या त्याच आतून बोलत होत्या. कुठली पार्टी उशिरा देते पण देतेच, कुठली गोड बोलते आणि बुडवते, कुणाची कुठली मोटर दर पावसाळ्यात ओल धरून येते, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. बँकेच्या साहेबांनी तेवढा ताळेबंद बघितला, माझ्या डोक्यात त्यामागची पानं होती. फोनवर "चेक तयार आहे" हे शब्द सगळे सारखेच म्हणतात पण म्हणायच्या आधी किती थांबतात त्यावरून मला कळायचं चेक खरंच तयार आहे का.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की हर्बर्ट सायमन नावाच्या शास्त्रज्ञाने, ज्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, याच्यावर बरंच काम केलंय. 1973 मध्ये त्यांनी आणि विल्यम चेस यांनी बुद्धिबळातल्या मुरलेल्या खेळाडूंना पट फक्त पाच सेकंद दाखवला आणि परत मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट असेल तर मुरलेला खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे, पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तर त्याची ती करामत जवळपास संपलीच. म्हणजे स्मरणशक्ती दैवी नव्हती, आकृत्या ओळखीच्या होत्या. सायमन यांचं म्हणणंच होतं की ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती म्हणजे ओळख पटणं. मला हे वाचून जरा वाईटच वाटलं, कारण 'ताईंना आतून कळतं' ही माझी थोडी प्रसिद्धी झाली होती आणि ती मला आवडत होती.

पहिली पाच-सहा वर्षं कशी गेली त्यात सांगण्यासारखं फार नाही, काम, उधारी, काम. थकलेल्या येण्यातलं बरंचसं आलं, मला वाटलं होतं साधारण त्याच लोकांकडून आलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एक पार्टी होती, त्यांची एक मोटर दर तीन-चार महिन्यांनी बेअरिंग घालवून यायची. दोन ठिकाणी जाऊन आमच्याकडे आलेली. नवीन बेअरिंग टाका, ग्रीस भरा, पाठवा, परत हजर. सगळ्यांचं एकच, अलाइनमेंट बघा, म्हणजे मोटर आणि तिला जोडलेलं मशीन एका रेषेत आहे का. अलाइनमेंट बरोबर होती. काकांनी त्यांच्याकडे जाऊन चालू लाइनवर स्क्रू ड्रायव्हर लावला, बराच वेळ उभे राहिले, मी विचारलं काय वाटतं, तर म्हणाले, "ताई हा आवाज माझ्या ओळखीचा नाही." बास, एवढंच. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणाला असता म्हातारबुवांना कळलं नाही. पण पंचवीस-तीस वर्षं ऐकलेल्या माणसाला एखादा आवाज अनोळखी वाटतो ही केवढी मोठी माहिती आहे! मी हट्टाने बेअरिंग कापून बघायला लावली. आतल्या चकतीवर बारीक बारीक आडव्या रेघा, कपडे घासायच्या जुन्या पट्टीवर असतात तशा, एकसारख्या अंतरावर. नुसत्या झिजेने अशा रेघा पडत नाहीत. शोधाशोध केली तेव्हा कळलं की त्यांनी त्या मोटरला नवा ड्राइव्ह, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवला होता, आणि ड्राइव्हमुळे शाफ्टमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यात व्होल्टेज तयार होऊन करंट बेअरिंगमधून उड्या मारत जात होता, प्रत्येक उडीला पोलाद जरा जळत होतं. शाफ्टला अर्थिंगची रिंग बसवली, एका टोकाला इन्सुलेटेड, म्हणजे करंट जाऊ न देणारी बेअरिंग टाकली, मोटर परत आली नाही.

गॅरी क्लाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी लोकांशी बोलून अभ्यास केलाय. त्यांनी सांगितलेल्या एका प्रसंगात घरात मागच्या बाजूला आग असते, टीम पाणी मारते, आग हवी तशी दबत नाही आणि टीमचा प्रमुख एकदम सगळ्यांना बाहेर काढतो. ते बाहेर पडतात आणि जमीन खचते, कारण खरी आग खाली तळघरात होती. त्या प्रमुखाला वाटलं आपल्याला सहावं इंद्रिय आहे. खरंतर खोली जेवढी तापायला हवी त्याहून जास्त तापली होती आणि आवाज मात्र कमी होता, मेळ बसत नव्हता. माझ्या डोळ्यासमोर लगेच काका आले. नक्की काय आहे ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं, दोघांना एवढंच कळलं की हे नेहमीचं नाही.

आता माझी फजिती. 2014 च्या सुमारास मला वाटायला लागलं की आपला अंदाज चुकत नाही. एकांनी प्रस्ताव आणला, नवीन मोटरी विकायचं काम जोडधंदा म्हणून भागीदारीत करू. माणूस अतिशय सज्जन, बोलणं मोकळं, हिशेबाला पक्का वाटला, पहिल्या भेटीतच मनाने होकार दिला. मी कागद नीट वाचले नाहीत, मी! जिने आयुष्यभर कागदच लिहिले! काकांना भेटवलं, ते काही बोलले नाहीत, मीच खोदून विचारल्यावर म्हणाले, "नो लोडवर सगळ्याच मोटरी छान चालतात ताई." नो लोड म्हणजे मोटरला काही काम न जोडता नुसती फिरवणं. मी हसले. दीड वर्षात लोड आला. माल पडून राहिला, देणी माझ्या नावावर आली, भागीदार फोन उचलेनात. ती देणी फेडायला साडेचार वर्षं लागली, दोन कॉइल वाइंडिंग मशीनं विकावी लागली आणि एका चांगल्या पोराला कामावरून कमी करावं लागलं, ते अजून खुपतं. त्या माणसाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण चूक त्याच्यापेक्षा माझ्या 'आतून वाटलं' ची होती.

मग मी चिडून शोधत बसले की एकदा बरोबर आणि एकदा एवढं साफ चूक असं का. 2009 मध्ये याच क्लाइन यांनी डॅनियल काहनेमान यांच्याबरोबर एक लेख लिहिला, काहनेमान म्हणजे 2002 चे नोबेलवाले, अंदाजांवर संशय घेणारे, आणि क्लाइन अंदाजांच्या बाजूचे. दोघं भांडायला बसले आणि बऱ्यापैकी एकमत झालं असं म्हणायला हरकत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपल्याला त्यातून शिकायची पुरेशी संधी मिळते, चूक की बरोबर ते लवकर कळतं, तिथे अंदाज भरवशाचा होतो. एरवी नाही. आणि आपल्याला किती खात्री वाटते यावरून अंदाज खरा की खोटा हे ठरत नाही. हे शेवटचं मला फार लागलं. मोटरच्या बाबतीत काका म्हणाले मागची गेली, की अर्ध्या तासात खोलून उत्तर समोर. असं हजारो वेळा. भागीदारी मी आयुष्यात किती केल्या? एक. आणि उत्तर दीड वर्षाने. मग कान तयार होणार कुठून?

एक पत्त्यांचा प्रयोग पण लोक फार सांगतात, 1997 चा. चार गड्ड्या, दोन गड्ड्यांत मोठे फायदे आणि त्याहून मोठे तोटे, दोन साध्या पण शेवटी फायद्याच्या. खेळणाऱ्यांच्या हाताला वाईट गड्डीकडे जाताना घामाचा बारीक फरक पडायला लागला, का ते त्यांना सांगता येत नव्हतं तेव्हापासूनच. शरीराला आधी कळतं म्हणून सांगायला हे छान आहे. पण 2004 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जरा बारकाईने प्रश्न विचारले तर निघालं की लोकांना त्या वेळी बरंच काही माहीत होतं, फक्त आधी कुणी नीट विचारलं नव्हतं. हे कुणी सांगत नाही! मी तर म्हणते, आतून काहीतरी वाटतंय असं म्हणणाऱ्या माणसाला तीन-चार वेळा नीट विचारावं, बरंच बाहेर येतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीय, हिशेबवाल्या बाईची सवय. तारीख, काय वाटलं, किती खात्री, आणि शेवटचा रकाना, काय झालं. निकाल लागायच्या आधी लिहायचं हा नियम, नाहीतर मग सगळ्यांनाच 'मला आधीच वाटलं होतं' असं वाटतं. वहीने माझी बरीच अब्रू काढली. पैसे कोण देईल हा अंदाज बहुतेक बरोबर. कामावर कुणाला घ्यावं, यात मी काही खास नाही. बाजार कुठे जाईल, यात तर सपशेल. आणि पानं चाळताना एक गोष्ट दिसली जी मी कुठे वाचलेली नाही, की जिथे मला काहीतरी हवंच होतं आणि मनही 'घे' म्हणत होतं तिथले अंदाज जास्त फसलेत. जिथे मला हवं होतं आणि तरी पोटात काहीतरी अडत होतं, ते अडणं सहसा खरं निघालं. वर्कशॉप घेतानाची ती शांत झोप यात बसत नाही म्हणा. तेव्हा मला वर्कशॉप हवं होतं का, हेच मला आज आठवत नाही.

भीती आणि अंदाज यांची पण खूप गल्लत होते. 2020 मध्ये शटर बंद होतं तेव्हा रोज वाटायचं आता संपलं, त्या महिन्यांत वहीत चौदा वेळा 'संपलं' लिहिलंय, चौदाही चूक. भीती बडबड करते, एकच गोष्ट दहा वेळा सांगते. काकांचा अंदाज एकदाच बोलायचा आणि गप्प बसायचा.

काका आता रोज येत नाहीत. कान गेलेत, बारीक आवाज ऐकू येत नाहीत त्यांना, पण आले की मोटरवर तळहात ठेवतात आणि मान हलवतात. आम्ही व्हायब्रेशन मोजायचं यंत्र घेतलं मागच्या वर्षी. नवीन पोरगा स्क्रीन बघतो, मी स्क्रू ड्रायव्हर लावते, दोघं आपापलं कागदावर लिहितो आणि मगच खोलतो. सध्या तो पुढे आहे.

छोट्या मोटरी लोक आता रिवाइंड करत नाहीत, टाकून नवीन घेतात. परमनंट मॅग्नेटच्या मोटरी वाढतायत, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग बाहेर काढायलाच वेगळी साधनं लागतात, चुंबक हात धरून ठेवतं. त्याचं काम शिकायला दोन पोरांना पाठवायचं आणि अर्धी जागा त्यासाठी मोकळी करायची असं मी गेल्या मंगळवारी ठरवलं. वहीत लिहिलंय : काम मिळेल असं वाटतं, खात्री मध्यम, मला हवं आहे का, हो, फार. हे शेवटचं लिहून पेन जरा थांबलंच. मग पोरांची नावं नोंदवून टाकली, आणि सांगितलं की आधी एकच मोटर घ्यायची, लोडवर चालवायची, जागा त्यानंतर मोकळी करू.