मी येतो, तो येते

२१ जून २०२५

काल दुपारी कोल्हापुरात महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले, आज दुपारी धामणगावला उतरले. गाडी तशीच पुढे गोंदियाला गेली. राज्याबाहेर पाऊल न टाकता तेराशे किलोमीटरहून जास्त धावणारी गाडी! धामणगावहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा आणि दारव्ह्याहून हे गाव. तीन एसट्या बदलल्या. माझा मावसभाऊ मुंबईहून तीन-साडेतीन तासांत दुबईला पोचतो, त्याच्यासाठी कुणी डोळ्यांत पाणी आणत नाही. माझ्यासाठी आत्या स्टेशनवर रडली. घरच्यांना यवतमाळ म्हटलं की फक्त बातम्या आठवतात.

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना हा जिल्हा मी पार खाली टाकला होता आणि विसरूनही गेले होते. तोच लागला.

खोली मिळाली आहे. एका आजीच्या घराला लागून, वर टीन. इथे पत्र्याला टीन म्हणतात. जून संपत आला तरी कुलर काढलेला नाही. आमच्याकडे शाळा १६ तारखेला सुरू झाल्या, इथे २३ ला होणार. असा वेगळा हिशेब का, ते आज दुपारी एसटीच्या खिडकीचा गज धरला तेव्हा कळलं.

आईचा फोन आला होता. "पोचलीस का परदेशात?" म्हणाली आणि स्वतःच हसली.

२३ जून

सहावी ते आठवीला इंग्रजी माझ्याकडे. सहावीच्या पटावर ३१, हजर ११. बाकीचे कुठे, असं विचारलं तर सगळे एकदम म्हणाले, "सरकी लावून रायले." म्हणजे कापसाची लागवड चालू आहे. पाऊस पडला की पोरं शेतात. आमच्याकडे नदीच्या पाण्यावर बारा महिने ऊस उभा असतो. इथं बहुतेकांचं सगळं आभाळावर. पहिला पाऊस झाला की आधी तास शेतातला, मग शाळेतला. मुख्याध्यापकांना याचं काही विशेष वाटत नाही. मला आज वाटलं. बघू किती दिवस वाटतं.

पहिल्याच तासाला फजिती झाली. खडू आणायला ऑफिसात जाताना मी म्हटलं, "बसा रे, मी येतो." वर्ग फुटला. पाठीमागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "म्याडम, तुमी माणसावानी काऊन बोलता?"

आता काय सांगायचं? कोल्हापुरात आम्ही बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतो. आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या. लिहिताना मी 'आले-गेले' लिहिते, ते शाळेनं लावलेलं वळण. इथल्या मुली 'मी आली, मी गेली' म्हणतात. म्हणजे एका वर्गात तीन मराठ्या: माझी घरची, त्यांची घरची आणि पुस्तकातली. पुस्तकातली कुणाच्याच घरची नाही. फळ्यावर 'आय केम' लिहिलं. बाई आली काय, बुवा आला काय, केमच. तेवढी एक भानगड इंग्रजीनं ठेवली नाही.

२ जुलै

शब्दांनी छळलंय. आजी म्हणाल्या, "पोरी, तो गंज आनजो वं." मी दाराची कडी बघितली, खिडकीचे गज बघितले. कशाला गंज चढलाय तेच कळेना. गंज म्हणजे पातेलं. टमाट्याला भेदरं, शेंगदाण्याला फल्ली, बटाट्याला आलू. शाळेला शाया आणि डोळ्यांना डोये, कारण ळ नावाचं अक्षर इथं तोंडात थांबत नाही, त्याचा य होतो.

दारव्ह्याहून येताना सांबार आणायला सांगितलं होतं. मी सांबार मसाल्याची पुडी आणली. आजींनी पुडी उलटीपालटी करून पाहिली. "हे काय वं? मी सांबार म्हटलं होतं." कोथिंबीर हवी होती. पुडी अजून फडताळात आहे आणि गावातल्या निम्म्या बायकांना ती गोष्ट माहीत आहे. बोअरवर पाण्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "म्याडम, सांबार भेटला का?"

तिखटाबद्दल मात्र बोलणार नाही. कोल्हापूरची म्हणून मोठ्या ऐटीत आजींचा ठेचा घेतला होता.

१९ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तीन आठवडे सातवीत एकाच जागी अडकले होते. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग'. पुस्तकात 'मी जातो' आणि 'मी जात आहे'. पोरांनी त्यातून एवढंच उचललं की 'आहे'ला 'ॲम' लावायचं. मग सगळीकडे 'आय ॲम गो', 'ही ॲम गो'. मी 'क्रिया चालू आहे, क्रिया रोजची आहे' असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पोरं माना डोलवत. मान डोलवली की म्याडम पुढे सरकतात, एवढं ती पक्कं शिकली होती.

वर्गात तांड्यावरची एक मुलगी आहे. बंजारा. घरी गोरमाटी बोलते, आईला याडी म्हणते. गावात आल्यावर वऱ्हाडी, पुस्तकात पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी आणि माझ्या तासाला इंग्रजी. पाचवी भाषा! आज तास चालू असताना ती खिडकीबाहेर बघत होती. रागावून विचारलं, "काय आहे तिकडे?" म्हणाली, "माहा भाऊ बकऱ्या घेऊन येऊन रायला."

येऊन रायला.

मी म्हटलं, "तो रोज येतो का या वेळेला?"

"हओ. रोज येते."

खडू हातात होता तो तसाच राहिला. येते आणि येऊन रायला. कम्स आणि इज कमिंग. मी तीन आठवडे जो फरक बाहेरून आणून ओतत होते, तो या पोरांच्या तोंडात जन्मापासून आहे. कुणी चुकून तरी 'तो बकऱ्या घेऊन येते' म्हणालं का, समोर बकऱ्या दिसत असताना? शक्यच नाही.

फळा पुसला आणि वऱ्हाडीतच लिहिलं. मी येतो, आय कम. तो येते, ही कम्स. ती येते, शी कम्स. इथे 'तो येते' म्हणतात ते आल्यापासून माझ्या कानाला खुपत होतं, अशुद्ध वाटत होतं. आज फळ्यावर बघितलं तर इंग्रजीची तीच तऱ्हा. तो आणि ती दोघांना क्रियापद एकच, आणि 'मी'पेक्षा निराळं. ज्या एस्‌साठी मी दर वहीत लाल गोल करत बसते, तो एस् म्हणजे यांचा 'ते'. मी येतो, तो येते. असं सांगितल्यावर पाठीमागचा तोच पोरगा म्हणाला, "मंग असं सांगा ना म्याडम पयलेच."

मग अर्धा तास नुसता दंगा. बैल खाऊन रायला. माय भाकर करून रायली. पाऊस पडते, पण आता नाही पडून रायला. प्रत्येकाचं इंग्रजी. पूर्ण बरोबर नाही, 'बुल इज ईट' आलंच, पण कुठे चुकलं ते दुसरं पोरगं ओरडून सांगत होतं. मला सांगावं लागत नव्हतं.

सगळ्यात कमी चुका तांड्यावरच्या मुलीच्या. मला आधी नवल वाटलं, मग वाटलं, यात नवल कसलं? वऱ्हाडीही तिच्या घरची नाही. एक भाषा बाहेरून कशी शिकायची हे तिनं चार-पाच वर्षांची असतानाच करून बघितलंय. तेव्हा तिला शिकवायला कुणी म्याडमही नव्हती.

संध्याकाळी एक गोष्ट सुचली आणि हसू आलं. आमच्या कोल्हापुरात 'काय करालाईस?' म्हणतातच की! 'जेवालोय, निघालोय.' चालू काळ माझ्याही घरात होता. मी तो स्टेशनवर आत्याजवळ सोडून आले होते.

६ ऑगस्ट

केंद्रप्रमुख येऊन गेले. फळ्यावरचं 'जाऊन रायलो' बघून कपाळाला आठ्या. इंग्रजीच्या तासाला ही बोली कशाला, प्रमाण भाषेत शिकवा, पोरांना परीक्षेत तीच लागणार. चूक म्हणता येत नाही. परीक्षेत तीच लागणार. मी म्हटलं, पुस्तकी मराठी त्यांना शिकवतेच आहे, पण इंग्रजीला जायची वाट त्यांच्या दारातूनच जवळ पडते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा घेतला. उठताना घड्याळ बघत म्हणाले, "बरं म्याडम, मी निघून रायलो."

सातवीचा वर्ग शेजारीच आहे. त्यांनी ऐकलं. आतून कुणीतरी हळूच "आय ॲम गोइंग" म्हणालं. केंद्रप्रमुखांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. मी दप्तराचं कपाट उघडून त्यात तोंड घातलं.

हजेरी पुन्हा घसरली आहे. निंदण चालू आहे.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. तोरणाखाली बैल उभे होते. झुली होत्या, शिंगं रंगवलेली. म्हातारे बापे एकमेकांवर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होते. निम्म्या मला कळल्या नाहीत. ज्या कळल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आजी म्हणाल्या, पूर्वी बैलांची रांग पार नाल्यापर्यंत जायची. आता ट्रॅक्टर आलेत.

आज तान्हा पोळा. हा आमच्याकडे नसतो. चाकांचे लाकडी बैल घेऊन, गळ्यात माळा घालून बारकी पोरं दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. खाऊ, नाहीतर पैसे. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर सात लाकडी बैल आणि त्यांच्या मागे पोरं. त्यांना वाटून डबा रिकामा केला, मग पर्समधले सुट्टे संपले, तरी रांग चालूच. शेवटी मी जाहीर केलं, इंग्रजीत मागेल त्यालाच मिळेल. वाटलं, पांगतील.

एक बारकं पुढे आलं. तिसरीतलं असेल, माझ्या वर्गातलं नाही. बैल माझ्या पायाशी आणून उभा केला. छाती काढून म्हणालं, "म्याडम, आय ॲम कमिंग. यू ॲम गिव्हिंग."

"यू आर," मी म्हटलं.

"हओ, यू आर," तो म्हणाला. "पन पैसे?"

आजींकडून दहाची नोट उसनी घेतली.