तुम्ही विचारलंत म्हणून: कोका की कोकेन?

नाही, मी कोकेन घेतलेलं नाही. पेरूला कामाला होतो म्हटलं की डोळे मिचकावत ‘मग? घेतलं की नाही?’ विचारणाऱ्या सगळ्यांना हे एकदाच लेखी उत्तर. कोकाचा, म्हणजे ज्या झुडपाच्या पानांतून कोकेन काढतात त्याच पानांचा, चहा मात्र भरपूर प्यायलोय. कुस्को शहर ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेने डोकं ठणकायला लागलं की हॉटेलवालेच कप पुढे करतात. पानांच्या व्यापारासाठी एनाको नावाची सरकारी कंपनी आहे. चोरीछुपे काही नाही.

तांब्याच्या एका खाणीत मशीन बसवायचं होतं. गेटवर लघवीची चाचणी. कोकेनच्या पट्टीवर रेघ उमटलीच नाही. या चाचणीत रेघ न उमटणं म्हणजे सापडलात. हेल्मेट, पास काढून घेतला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बरोबरचे लोक खाली बघत आत गेले. ‘चहा प्यायलात?’ ‘हो.’ ‘गुन्हा नाही, पण आत सोडता येणार नाही.’ पुण्याला फोन केला, ‘सर, नुसता चहा होता.’ साहेब काही बोललेच नाहीत. प्रयोगशाळेचा रिपोर्टही पॉझिटिव्ह. येणारच, चहा प्या नाहीतर पावडर ओढा, लघवीत उतरणारा पदार्थ तोच. परत न्यायला आलेल्या गावातल्या ड्रायव्हरचा गाल पानांनी टम्म फुगलेला. आपली तंबाखू-चुन्याची जोडी, तशी तिकडे पान आणि राख.

तेव्हा मी ‘पानात काही नसतं’ म्हणून तावातावाने भांडायचो. काही नसतं तर डोकं उतरलं कशाने? पानात साधारण अर्धा ते एक टक्का कोकेन असतं, एका कपात पाचेक मिलिग्रॅम. पिकाचा मोठा वाटा चहात नाही, कोकेन बनवण्यात जातो, हेही खरं. पण १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने पान चघळणं २५ वर्षांत बंद करायला सांगितलं आणि त्याच करारात शीतपेयांच्या चवीसाठी, कोकेन काढून, तेच पान वापरायला मोकळीक ठेवली. याचा राग येऊ नये? बोलिव्हिया त्या करारातून बाहेर पडला आणि २०१३ साली चघळण्याचा हक्क राखूनच परत आला. मला ते पटतं. खाणीत डंपर चालवणाऱ्याची चाचणी घेऊ नका, असं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही.

आणि ‘येताना दोन पुड्या आणायच्यास की’ म्हणणारे आमचे मामा: १९८५च्या आपल्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं पानही अंमली पदार्थच आहे. जामीन राहायला तुम्ही येणार होतात का?